पडद्यामागची वही : कॉलेजच्या नाटकाबद्दल वाचकांचे प्रश्न

युवक महोत्सवाच्या तयारीचे दिवस आले की नाटकाबद्दलच्या पत्रांची संख्या वाढते. या वेळी खानापूर, निपाणी, चिकोडी आणि बेळगावहून आलेले प्रश्न घेतलेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या कॉलेजात नाट्यशास्त्र हा विषय नाही. मराठी विभागातर्फे दोन क्रेडिटचा प्रात्यक्षिक अभ्यासक्रम सुरू करायचा आहे. पंचवीस मुलं-मुली नाव देतील, पण एकांकिकेत पात्रं पाच. बाकीच्यांचं काय करायचं आणि तास कसे बसवायचे?
— प्राध्यापक, खानापूर

सर, प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे तुमच्या हातात ६० तास आहेत. नवख्या मुलांची अर्ध्या तासाची एकांकिका उभी करायला मिनिटामागे दोन तास धरावे लागतात. हिशेब बरोबर बसतो. सहा आठवडे, आठवड्याला पाच दिवस, साडेतीन ते साडेपाच. तालीम सहाच्या पुढे गेली की जांबोटी, नंदगडकडची मुलं बस चुकते म्हणून गळायला लागतात आणि सगळ्यात आधी मुली गळतात. मग दिग्दर्शक म्हणतो, ‘पोरांना इंटरेस्टच नाही.’ इंटरेस्ट असतो, बस नसते.

महिनाही बघून धरा. जुलैत तुमच्याकडे भाताची लावणी आणि पुढं गणपती. या काळात सलग पाच दिवस सगळी मुलं मिळणं कठीण. तेव्हा संहितांचं वाचन करून घ्या आणि सहा आठवड्यांची खरी तालीम अनंत चतुर्दशीनंतर सुरू करा. विद्यापीठाचा महोत्सव त्याआधी लागत असेल तर गेल्या वर्षाच्या शेवटी निवडलेली संहिता हाताशी असलीच पाहिजे.

पंचविसांची वाटणी अशी होते: पाच नट, तीन बदली नट, दिग्दर्शक एक, त्याचा साहाय्यक एक, वही सांभाळणारा एक, नेपथ्याला पाच, प्रकाशाला तीन, पार्श्वसंगीताला दोन, वेशभूषा-रंगभूषेला दोन, प्रॉपर्टीला म्हणजे नटांच्या हातातल्या वस्तूंना दोन. बदली नट नावापुरते ठेवू नका. आठवड्यातली एक तालीम त्यांची असं ठरवा आणि त्या दिवशी मूळ नटांना खाली बसवून नोंदी काढायला लावा. आपलीच भूमिका दुसरा करताना पाहिली की मुलांना पहिल्यांदा कळतं, आपण कुठं उगाच चालतो.

आठवड्यांची मांडणी साधी ठेवा. पहिला आठवडा बसून वाचन. दुसरा-तिसरा हालचाली, रोज पाच-सहा मिनिटांचा तुकडा. चौथ्याच्या सोमवारी हातातली पानं बंद. पाचव्यात सलग रनथ्रू, खऱ्या प्रॉपर्टीसह. सहाव्यात प्रकाश, संगीत आणि रंगीत तालीम. बिघडतं ते चौथ्या आठवड्यात. पाठांतर लांबलं की नटाच्या हातात कागदच राहतो; मग चहाचा पेला, काठी, पिशवी यांच्याशी हाताची ओळख होत नाही आणि प्रयोगात पेला कुठं ठेवायचा हा प्रश्न भर प्रसंगात पडतो. म्हणून पानं बंद त्याच दिवशी बदली वस्तू हातात द्या. खरा कंदील नसेल तर तेवढ्याच वजनाची पाण्याची बाटली चालेल.

तालमीची जागा वर्गाएवढी असेल तर ज्या मंचावर प्रयोग आहे त्याचं माप आणून अंगणात चुन्यानं आखा. वर्गात तालीम केलेली मुलं मोठ्या मंचावर गेली की मध्ये एकमेकांना चिकटून उभी राहतात, कारण पायांना तेवढंच अंतर ठाऊक असतं.

गुण देताना आमचं स्पष्ट मत: टाळ्यांना गुण नाहीत. शंभरातले ३० हजेरीला आणि वेळेवर येण्याला, ३० नोंदवहीला, ३० नेमून दिलेल्या कामाला आणि फक्त १० प्रयोगाला. दुसऱ्या सत्रात प्रत्येकाचं काम बदला. गेल्या वेळचा नट या वेळी इस्त्री करेल.

मला भूमिका मिळाली नाही, प्रॉम्प्टिंग (विंगेतून शब्द सुचवणं) दिलं. सगळे म्हणतात नुसतं पुस्तक धरून बसायचं. यातून काय शिकणार?
— द्वितीय वर्ष, निपाणी

पुस्तक धरून बसायचं नाही, पुस्तक तयार करायचं. सगळा प्रयोग कागदावर उतरलेला असेल अशी ती एकच प्रत. उद्या दिग्दर्शक आजारी पडला तर नाटक तुमच्या वहीवरून उभं राहायला हवं.

मोठी आखीव वही घ्या. डाव्या पानावर संहितेचं एक पान चिकटवा, उजवं कोरं ठेवा. उजव्या पानावर तीन रकाने: हालचाल, प्रकाश, आवाज. सगळं पेन्सिलीनं, कारण दुसऱ्या आठवड्यापर्यंत निम्मं खोडावं लागतं. प्रत्येक इशाऱ्याला क्रमांक द्या. प्रकाशाचे प्र-१, प्र-२, आवाजाचे आ-१, आ-२. एक प्रसंग घ्या. आजी म्हणते, ‘दार लाव गं, वारा आलाय. या वाऱ्यानं कंदील जायचा.’ कंदील विझल्यासारखा उजेड उतरवायचा आहे. वहीत ‘वारा आला की उजेड कमी’ एवढंच असेल तर ऑपरेटर पहिल्या ‘वारा’लाच हात घालतो आणि कंदील जाण्याआधीच अंधार होतो. म्हणून ‘जायचा’मधल्या ‘चा’खाली रेघ मारा आणि शेजारी लिहा: प्र-७, शंभरवरून चाळीस टक्के, पाच सेकंदांत. त्याच्या तीन ओळी आधी ‘प्र-७ तयार’ अशी खूण हवी.

त्याहून पक्की युक्ती म्हणजे महत्त्वाचा इशारा वाक्याला न बांधता कृतीला बांधणं. नट वाक्य विसरेल, उलटं म्हणेल. पण दाराची कडी लावायला हात जाणारच. कडीचा हात हा इशारा धरला तर वाक्य गळलं तरी उजेड चुकत नाही.

शब्द सुचवायचे तर सुरुवातीचे दोनच, तेही सपाट आवाजात. अख्खं वाक्य अभिनयासकट सांगितलं की ते पहिल्या चार रांगांना ऐकू जातं. आणि विसरणं वेगळं, थांबणं वेगळं. दिग्दर्शकानं जिथं मुद्दाम थांबा ठेवलाय तिथं दोन उभ्या रेघा मारा. नाहीतर नट डोळ्यांत पाणी आणून गप्प उभा आणि विंगेतून तुमचा आवाज, असा प्रकार होतो.

प्रत्येक सलग तालमीची वेळ मिनिट-सेकंदात नोंदवा. युवक महोत्सवाच्या अखिल भारतीय नियमांत एकांकिकेला ३० मिनिटं, मंचावर ९ आणि साथ-पडद्यामागे ३ माणसं असतात. वाचनाला २५ मिनिटं लागणारी संहिता उभी राहिली की २९ वर जाते; २८ लागणारी घेतलीत तर कात्री शेवटच्या आठवड्यात चालवावी लागते आणि ती नेहमी चुकीच्या जागी चालते. आपल्या विद्यापीठाचं त्या वर्षीचं परिपत्रक मात्र वेगळं वाचा, आकडे तिथले धरा.

हॉलमध्ये हजार वॉटचे सहा हॅलोजन लावले. तालमीत चाललं, पण प्रयोगात शेवटच्या प्रसंगाला नेमका फ्यूज उडाला. नाटक अंधारात संपलं. आणि जेव्हा उजेड होता तेव्हा मागच्या पडद्यावर सगळ्यांच्या मोठ्या सावल्या. काय चुकलं?
— विद्यार्थी, चिकोडी

दोन वेगळ्या चुका आहेत.

पहिली विजेची. हजार वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे एका दिव्याला सुमारे ४.३ अँपिअर. सहांचे २६. तुम्ही भिंतीतले दोन पॉइंट वापरले असणार, पण ते दोन्ही बहुधा एकाच १६ अँपिअरच्या एमसीबीवर (भार वाढला की आपोआप बंद होणाऱ्या बटणावर, ज्याला तुम्ही फ्यूज म्हणता) होते. इतका भार आला तर एमसीबी लगेच उडतोच असं नाही, तापला की उडतो. तालमीत सहाही दिवे एकदम आणि बराच वेळ लागले नसतील. शेवटच्या प्रसंगाला मात्र काळोखातून एकदम पूर्ण उजेड आणला असेल ना? थंड फिलामेंट पेटताना पहिल्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतं. नाटकाचा कळस आणि एमसीबीचा कळस एकाच वेळी येतो तो असा.

उपाय: तीन दिवे एका सर्किटवर, तीन दुसऱ्या. प्रत्येकी १३ अँपिअर, थोडी जागाही उरते. कुठला पॉइंट कुठल्या एमसीबीवर आहे ते कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनला विचारा, किंवा त्याच्याकडून मेन बोर्डावरून ३२ अँपिअरची वेगळी लाइन ओढून घ्या. एमसीबी बदलून मोठा बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मग एमसीबीऐवजी भिंतीतली वायर जळते. लांबवणीची वायर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची हवी आणि रिळावरून पूर्ण उलगडलेली. गुंडाळी तशीच ठेवली तर आतल्या आत तापून वितळते. डिमर (उजेड कमी-जास्त करायचं यंत्र) असेल तर काळोखाच्या दहा-पंधरा सेकंद आधीपासून दिवे न दिसतील इतपत, पाच-सात टक्क्यांवर धरून ठेवा. फिलामेंट कोमट राहिलं की झटका बसत नाही. ध्वनियंत्रणा या सर्किटवर घेऊ नका, स्पीकरमधून गुणगुण येते.

दुसरी चूक कोनाची. चेहऱ्यावर उजेड वरून आणि बाजूनं साधारण ४५ अंशांत पडायला हवा. मंच तीन फूट उंच, नटाचा चेहरा त्यावर पाच फूट, म्हणजे जमिनीपासून आठ. दिवा दहा फूट पुढं ठेवला तर ४५ अंशांसाठी तो अठरा फुटांवर हवा. कॉलेजचा स्टँड जास्तीत जास्त बारा फूट उघडतो. कोन सुमारे २२ अंशांचा होतो, म्हणजे जवळपास समोरूनच टॉर्च मारल्यासारखं. सावली खाली न पडता मागच्या पडद्यावर जाते. छत उंच होत नाही, तेव्हा स्टँड दोन्ही बाजूंना जास्त तिरके सरकवा म्हणजे सावल्या विंगेकडे जातील, नटांना मागच्या पडद्यापासून पाच फूट पुढं खेळवा आणि मागचा पडदा काळा किंवा गडद ठेवा. पांढरी चादर लावून वर सावल्यांची तक्रार करायची नाही.

रंगीत कागद लावताना दुकानातला साधा जिलेटिन कागद हॅलोजनसमोर ठेवू नका, मिनिटभरात सुरकुततो आणि धुरतो. हॅलोजनची नळी बोटांनी धरू नका. हाताचा तेलकटपणा लागलेल्या जागी काच जास्त तापते आणि नळी लवकर जाते. पेटलेला दिवा हलवायचा नाही.

आमचे फ्लॅट (नेपथ्यातल्या भिंतींच्या चौकटी) दोन वर्षांत पिळवटले, दारं लागेनात. शिवाय परगावी नेताना त्रास. कसे बनवावेत?
— नेपथ्य गट, बेळगाव

प्लायवूड सोडा, कापडाचे करा. आठ बाय चार फुटांच्या चौकटीला दोन बाय एक इंचाची पट्टी: उभ्या-आडव्या कडांना २४ फूट आणि मधल्या दोन आडव्यांना ८, एकूण ३२ फूट, वर दोन-तीन फूट कापाकापीला. चारी कोपऱ्यांत नऊ इंचांचे त्रिकोणी प्लायचे तुकडे. ते ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे, आठ फूट सव्वाअकरा इंचांच्या आसपास आले पाहिजेत. एक जरी अर्धा इंच जास्त भरला तरी चौकट काटकोनात नाही. तेव्हाच ढकलून सरळ करा, नंतर होणार नाही.

पिळवटण्याचं कारण बहुतेकदा कापड. मांजरपाट ताणून ठोकला आणि त्यावर पातळ डिस्टेंपरचा पहिला हात दिला की कापड आक्रसतं आणि चौकटीला ओढून वाकवतं. मांजरपाट आधी पाण्यात भिजवून वाळवा, मग ताण न देता, हाताला किंचित सैल लागेल असं मधून कडांकडं ठोकत जा. रंगानं उरलेला ताण आपोआप येतो. पावसाळ्यात फ्लॅट भिंतीला टेकवून ठेवू नका. आपल्या हवेत खालची कड ओल धरते. आडवे, विटांवर, एकावर एक.

वाहतुकीचं म्हणाल तर छोटा हत्तीचा हौद सात फुटांच्या जरा वर आहे. आठ फुटी फ्लॅट बाहेर डोकावतो आणि घाटात मागचं फळकूट उघडं ठेवून जावं लागतं. नवे करणारच असाल तर साडेसहा बाय साडेतीन करा आणि उंची हवी तिथं वर दीड फुटाचा वेगळा तुकडा बिजागरीनं जोडा. बिजागरीची खीळ काढता येणारी घ्या. प्रत्येक फ्लॅटच्या पाठीला डावा-उजवा आणि क्रमांक मोठ्या अक्षरात. मंच उभारायला आणि उतरवायला मोजकी मिनिटं मिळतात, तेव्हा ‘हा कुठला रे?’ म्हणायला वेळ नसतो. घड्याळ लावून उभारणीची तालीम किमान पाच वेळा करा. मागच्या टेक्यांवर वाळूची दहा किलोची पिशवी टाका. परक्या मंचावर खिळा मारू देत नाहीत.

आमच्या गटात एक कन्नड मुलगा आहे, उत्तम अभिनय करतो. मराठी बोलता येतं, पण उच्चार वेगळे आणि देवनागरी सावकाश वाचतो. शिवाय आमची स्वतःची भाषाही ‘काय करूलायस’वाली. परीक्षक प्रमाण मराठी मागतील का?
— तृतीय वर्ष, बेळगाव

त्या मुलाला संवाद कन्नड लिपीत लिहून द्या, पण दोन गोष्टी सांभाळा. मराठीत आपण ‘घर’ लिहितो आणि शेवटचा अ गिळतो. कन्नड वाचणारा हा अ उच्चारतो, कारण त्याच्या भाषेत शब्द बहुधा स्वरावर संपतात. म्हणून कन्नड लिपीतल्या शेवटच्या ‘र’चा पाय मोडून द्या. दुसरं, ‘चांगला’मधला च आणि ‘चहा’मधला च आपण वेगळे म्हणतो, लिहितो मात्र एकच, ‘जागा’ आणि ‘जीव’चंही तेच. कन्नडमध्ये दंतमूळाचा च-ज नाही. जिथं जीभ दातांजवळ न्यायची त्या प्रत्येक च-ज खाली लाल टिंब द्या. वीस मिनिटांच्या भूमिकेत अशी पन्नास-साठ टिंबं निघतील. रोज दहा घेतली तर आठवड्यात बसतात.

खरी अडचण पाठ संवादात येत नाही, सावरताना येते. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, मराठीत खुर्ची ती, कंदील तो, दार ते. अडल्यावर तो स्वतःचं वाक्य जुळवायला गेला की लिंग घसरतं आणि गंभीर प्रसंगात हशा पिकतो. त्याला प्रत्येक प्रसंगासाठी सावरायची दोन वाक्यं आधीच पाठ करून द्या.

बोलीबद्दल आमचं मत ठाम आहे: नाटक जिथं घडतं तिथली भाषा. बेळगावच्या गल्लीतलं घर असेल तर ‘करूलायस’ असू द्या, पण मग आईनं बोलीत आणि मुलानं कारण नसताना पुस्तकी मराठीत बोलू नये. मुलगा पुण्यात शिकून आलाय म्हणून तसा बोलतो, हे संहितेत असेल तर गोष्ट वेगळी. कोल्हापूर-सांगलीच्या प्रेक्षकाला क्रियापदाची रूपं कळतात. सलग तीन-चार कन्नड शब्द आले की तो तुटतो. असा शब्द ठेवायचाच तर पुढच्या पात्राच्या उत्तरात त्याचा अर्थ येऊ द्या. महोत्सवात पुढच्या फेरीत गेलात तर प्रादेशिक भाषेतल्या एकांकिकेसाठी हिंदी किंवा इंग्रजीतला सारांश द्यावा लागतो, तो आधीच लिहून ठेवा.

लेखकाची परवानगी कधी लागते?
— तिघा-चौघांचा प्रश्न

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कॉलेजच्या मुलांनी आणि शिक्षकांनी कॉलेजच्या उपक्रमात, फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संबंधितांसमोर केलेल्या प्रयोगाला परवानगी लागत नाही. बाहेरची स्पर्धा आणि तिकिटाचा प्रयोग त्यात बसत नाही. तिथं लेखी परवानगी आणि ठरलं असेल ते मानधन. भाषांतर करायचं तर मूळ लेखकाचीही. महाराष्ट्रातल्या राज्य नाट्य स्पर्धेसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं संहितेला प्रमाणपत्र लागतं, ते शेवटच्या आठवड्यात मिळेल असं धरून चालू नका.

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, राम गणेश गडकरी १९१९ मध्ये, कृ. प्र. खाडिलकर १९४८ मध्ये. यांची मूळ नाटकं खुली आहेत. पण अलीकडे कुणी केलेली संक्षिप्त रंगावृत्ती त्या माणसाची असते, तिची परवानगी घ्यावी लागते.

मुलगी बी.ए.ला आहे, पुढं नाटकच शिकायचं म्हणते. जवळपास काय आहे?
— पालक, बेळगाव

मराठीतून शिकायचं तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, पुण्याच्या विद्यापीठात ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठात नाट्यशास्त्राची अकादमी. कन्नड चांगलं असेल तर शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडूचं नीनासम आहे. के. व्ही. सुब्बण्णांनी उभं केलेल्या त्या संस्थेत १९८० पासून नाट्यशिक्षण चालतं. अभ्यासक्रम एक वर्षाचा, राहून शिकायचा. सीमाभागातल्या मुलांना दोन्ही भाषा येतात, तेव्हा हा पर्याय मोकळा असतो, पण फार थोडे तिकडे बघतात. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय तीन वर्षांचं आहे आणि पदवीनंतरचं. त्याचं बेंगळुरूला एक वर्षाचं केंद्र आहे.

निवडीच्या वेळी आधी केलेल्या नाटकांचा तपशील विचारतात. म्हणून मुलीला आत्तापासून एक फाइल करायला सांगा: प्रत्येक नाटकाची तारीख, जागा, तिचं काम, जाहिरातीचा कागद, दोन छायाचित्रं. प्रकाश किंवा वेशभूषा केली असेल तर तेही लिहायचं. मुलाखतीत ‘तुझ्या नाटकात उजेड कुठून येत होता?’ असं विचारलं तर तिला सांगता यायला हवं.